‘माहीत नाही’ म्हण

सोमवार, ४ तारीख

डॉक्टरीणबाई यांस,

हे पत्र तुझ्या वहिनीच्या हाती देतो आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच ‘दादा, ऐक ना’ म्हणतेस आणि माझा मुद्दा राहून जातो. कागदाला मध्ये बोलता येत नाही.

मुद्दा असा. आज सकाळी तुमच्या तातडीच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर दुकानात आल्या आणि काउंटरवर चिठ्ठी ठेवली. खाली सही तुझी. औषध कोणतं, तर उतारा. रुग्णाचं नाव वाचलं तर सिस्टरांचंच.

मी विचारलं, “सिस्टर, हे कोणासाठी?”

“माझ्यासाठी.”

“तुमच्यासाठी?”

“नाव वाचता येत नाही का? चष्मा पुसा.”

तुला शिकवायला नको, पण मुद्दा मांडायचा तर पहिल्यापासून मांडावा. नशेचं औषध अंगात जास्त झालं की श्वास मंदावतो, मग थांबतो. हा उतारा वेळेत टोचला तर माणूस परत येतो. आता नियम. उतारा विकायचा, तर ज्याच्या नावाने चिठ्ठी, त्याची ‘नशा करणारा’ म्हणून आरोग्य कार्यालयात नोंद हवी. त्या नोंदीची एक प्रत पोलीस चौकीत जाते आणि एक तो जिथे नोकरी करतो तिथे. तुम्ही डॉक्टर-सिस्टर मंडळी म्हणता, असा नियम असल्यावर नोंद करायला जाईल कोण, सगळे लपतात आणि लपल्या जागी मरतात. मी म्हणतो, ज्याला सुधारायचं आहे त्याला नावाची लाज कसली? यावरून आपलं भांडण झालेलं आहे, भर सभेत. मी फक्त तुमच्या पत्रकातली एक चूक दाखवायला उभा राहिलो होतो. माईक तुझ्या हातात होता. “दादा, तू बाटल्या सांभाळ, माणसं आम्ही सांभाळतो.” अख्खं सभागृह हसलं. पाणी वाटणारासुद्धा हसला. त्यानंतर मी तुझा उंबरा चढलेलो नाही आणि आजही हे पत्र त्यासाठी नाही.

सिस्टरांच्या चिठ्ठीवर नोंदीचा शिक्का होता. उजेडात धरून पाहिला. खरा होता. खऱ्या शिक्क्याचं औषध अडवायचा मला अधिकार नाही, म्हणून दिलं. पण बाई, या सिस्टर खोकल्याच्या औषधानं झोप येते म्हणून चमचासुद्धा निम्मा भरतात. त्या नशा करतात?

नववीतून शाळा सुटली तेव्हा मी याच दुकानात फरशी पुसत होतो. औषधांच्या खोक्यातले कागद शब्दकोश घेऊन वाचले आणि बाहेरून परीक्षा दिल्या. एकदा नापास झालो, पुन्हा बसलो. तेव्हा कुठे भिंतीवर माझ्या नावाचा परवाना लागला. त्याच्याखालून आजवर खोटी गोष्ट बाहेर गेलेली नाही. तू हे काय चालवलं आहेस?

मोठा भाऊ

शनिवार, ९ तारीख

डॉक्टरीणबाई यांस,

उत्तर आलं नाही. उत्तराऐवजी गिऱ्हाइकं आली.

मंगळवारी तुमचे भूलतज्ज्ञ. बुधवारी लॅबमधल्या दोघी, एकमेकींचा हात धरून, नाटकाच्या तिकिटाला आल्यासारख्या. आज दातांची डॉक्टरीण. आणि काल, भर गर्दीच्या वेळी, डोळ्यांचे म्हातारे डॉक्टर काठी टेकत आले. रांगेतल्या लोकांनी उठून जागा दिली. त्यांनी चिठ्ठी पुढे केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “मी व्यसनी आहे.”

मी म्हटलं, “डॉक्टर, हळू.”

“हळू कशाला? नोंद केली आहे. चौकीत प्रत गेली आहे. चौकीतल्या साहेबांचा मोतीबिंदू मीच काढला, ते बिचारे प्रत हातात घेऊन रडकुंडीला आले. म्हणाले, डॉक्टर, या वयात? मी म्हटलं, याच वयात परवडतं.”

रांग हसली. मी हसलो नाही. लेबल लिहिलं, नाव, तारीख, मात्रा, सगळं. लेबल वाकडं लागलं म्हणून काढून दुसरं लावलं. त्यावर तुझी वहिनी आतून काय म्हणाली ते तिलाच विचार.

सगळा प्रकार आजच्या पेपरात वाचला. तुम्ही सतरा जण. ‘आम्ही सतरा आरोग्य-कर्मचाऱ्यांनी स्वतःची नोंद केली आहे. आता आम्हाला कामावरून काढा, नाहीतर नियम काढा.’ खाली पहिली सही तुझी. तुमच्या नावावर घेतलेला उतारा तुम्ही कोणत्या वस्त्यांत, कोणाच्या आयांच्या हातात देता, ते पेपरात नाही. मला अंदाज आहे.

धाडस आहे, मान्य. पण धाडसाच्या पायाखाली खोटं आहे. तू नशा करत नाहीस. आणि हे खोटं माझ्या काउंटरवरून गेलं. भांडायचं होतं तर सरळ भांडायचं. निवेदनं द्यायची.

(दिली होती म्हणतेस ना? किती दिली आणि कोणत्या कपाटात पडली, ते मलाही माहीत आहे. तरी.)

मोठा भाऊ

गुरुवार, १४ तारीख

धाकटीस,

आज औषध निरीक्षक येऊन गेले. दुकान उघडायच्या आधीच दारात उभे होते. बोलणं इतकं गोड की मला पहिल्याच वाक्याला घाम फुटला.

“तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत,” म्हणाले. “एवढ्या दुकानांतून फिरतो, पण तुमच्या कपाटात बाटलीचं तोंडसुद्धा एका रेषेत असतं.”

मी म्हटलं, “साहेब, काम सांगा.”

काम असं. तुमच्या सतरा जणांवर चौकशी बसली आहे. खोटी नोंद केली हे सिद्ध झालं तर डॉक्टरांचे परवाने जातील आणि सिस्टरांचेही. तुझा सगळ्यात आधी, कारण चिठ्ठ्यांवर सही तुझी. पण सिद्ध करायचं कसं? तुम्ही म्हणता, ‘आम्ही नशा करतो, आमचं रक्त तपासायचा अधिकार तुम्हाला नाही.’ वकील तुम्हाला चांगला मिळालेला दिसतो. म्हणून त्यांना माणूस हवा. तुम्हा सतराही जणांना वर्षानुवर्षं ओळखणारा, तुमच्या घरच्या तापापासून ते गुडघेदुखीपर्यंत सगळं ज्याच्या काउंटरवरून जातं असा.

“म्हणजे मी माझ्या बहिणीविरुद्ध साक्ष द्यायची.”

“छे छे. विरुद्ध कसली? खोटं बोला असं मी म्हटलं का? उलट खरं बोला म्हणतो. तुम्हाला तेच तर येतं.”

आणि जाताना भिंतीवरच्या माझ्या परवान्याची काच बोटाने पुसून म्हणाले, “धूळ बसते हो. जपायला हवं.” काचेवर धूळ नव्हती. ती रोज सकाळी मी पुसतो.

एकवीस तारखेला बोलावलं आहे.

साठ्याची कपाटं त्यांनी वरवर पाहिली. उताऱ्याचा खोका उघडला नाही. उघडला असता तरी माझं काय बिघडत होतं? काही नाही. सहज लिहिलं.

आणखी एक. परवा दुपारी तुझ्या फोनवर माझी रिंग वाजली असेल. चुकून लागला. खिशात बटण दाबलं गेलं. त्याचा काही अर्थ काढू नकोस, आणि वहिनीला त्याबद्दल विचारू नकोस. ती सध्या माझ्याशी मोजकं बोलते.

दादा

सोमवार, १८ तारीख

धाकटीस,

तुझा निरोप मिळाला. एवढ्या दिवसांनी निरोप आला तोही दोन शब्दांचा. वहिनीने भाजी चिरता चिरता सांगितला. “तुमची बहीण म्हणते, ‘माहीत नाही’ म्हण. तेवढं पुरे आहे.”

मी म्हटलं, “मला माहीत आहे ना पण.”

“जगात सगळ्यांना रोज कितीतरी गोष्टी माहीत नसतात,” ती म्हणाली. “तुम्हाला एक माहीत नसली तर सूर्य उगवायचा थांबणार आहे का?”

तुम्हा दोघींचं सोपं आहे. तू लहानपणापासून हुशार. तू ‘माहीत नाही’ म्हणालीस तर लोक म्हणतात, किती नम्र. मी म्हणालो तर म्हणतील, याला माहीत असणार तरी कुठून, नववी नापास. मी नापास नव्हतो, शाळा सुटली होती. ते असो. मला जे माहीत आहे ते मी ‘नाही’ म्हणून सांगू शकत नाही. त्याने तुझा परवाना वाचत असेल तरी. हे तुला आधी कळावं म्हणून लिहितो आहे, मागून वार केला असं वाटू नये.

पण तेवढ्यासाठी लिहायला बसलो असतो तर चार ओळीत झालं असतं.

तो फोन चुकून लागला नव्हता.

दुपारची वेळ, शटर अर्धं खाली, आम्ही जेवायला बसणार. पायरीवर एक माणूस बसलेला दिसला. कोण ते तुला सांगणार नाही, तो काय काम करतो तेही नाही. गिऱ्हाईक आहे. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या नेतो आणि दर वेळी म्हणतो, “काका, पट्टी कापू नका, बाबांना तारीख वाचायची असते.” वाटलं, उन्हातून आला, डुलकी लागली. मग घोरणं ऐकू आलं, पण ते घोरणं नव्हतं. ओठ राखाडी, नखं निळी, पापणी उचलली तर बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी. छातीच्या हाडावर मुठीने रगडलं, ओरडलो. काही नाही.

तुला फोन लावला. वाजला. तू उचलायच्या आत मीच बंद केला. तू उचलणार होतीस की नव्हतीस, हे मला जाणून घ्यायचं नाही.

अँब्युलन्स बोलवायला हवी होती. तू म्हणशील, ती पहिली गोष्ट. बरोबर म्हणशील. पण अँब्युलन्ससोबत चौकीचा माणूस येतो आणि त्याच्या खिशाला कामाच्या ठिकाणचं ओळखपत्र लावलेलं होतं. मी ते पाहिलं आणि फोन खाली ठेवला. नोंद झाली पाहिजे, लाज कसली, असं तुला भर सभेत सांगणारा मी.

वहिनीने त्याला आत ओढायला हात लावला. मी खोका उघडला. उतारा हातात घेतला. आणि आता जे लिहितो ते दुसऱ्या कोणाला सांगू नकोस. मुदत वाचली. ती ठीक, ती वाचायलाच हवी. पण त्यानंतर मी लेबल शोधायला वळलो. दुकानातून नाव लिहिल्याशिवाय औषध जात नाही, हाताला तीच सवय. एका हातात उतारा, दुसऱ्या हातात पेन, आणि मी त्याचं आडनाव आठवतोय. वहिनी किंचाळली, “अहो, माणूस चाललाय, लेबल कोणाला चिकटवताय?”

मग उताऱ्याच्या काचेच्या नळीची मान मोडली. सिरिंजमध्ये भरलं. पँटवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचलं. वहिनीने मान मागे धरली, मी तोंडाने श्वास देत राहिलो. किती वेळ ते विचारू नकोस. घड्याळ पाहिलं नाही. मी!

तो आला. एकदम आला, बुडालेला माणूस वर यावा तसा, आणि मला शिवी दिली. “कोणी सांगितलं होतं तुम्हाला?” मग ओकला. मग मघाची शिवी आठवून “सॉरी काका” म्हणाला. त्याला घरी जायचं होतं. मी मागच्या खोलीत स्टुलावर बसवून दारात उभा राहिलो, कारण उताऱ्याचा जोर विषाच्या आधी ओसरतो आणि माणूस पुन्हा बुडू शकतो. हे खोक्यातल्या कागदावर अगदी बारीक अक्षरात आहे. संध्याकाळपर्यंत बसवला. मध्ये दोनदा मान खाली गेली, दोनदा हलवलं. म्हणाला, “काका, नोंद नका करू. नोकरी जाईल. बाबा एकटे आहेत.” आणि निघताना म्हणतो कसा, “बाबांच्या गोळ्या राहिल्या.”

पट्टी न कापता दिली.

आता साठ्यात एक कमी आहे. टोचायचा मला अधिकार नाही, चिठ्ठीशिवाय द्यायचा नाही, आणि दिला तो नोंद नसलेल्या माणसाला. वहिनी म्हणते, फुटला म्हणून लिहा, बाटल्या फुटतात. इतरांच्या फुटतात, माझ्या आजवर फुटलेल्या नाहीत. ते कोणी मानणारही नाही.

गुरुवारी जातो आहे. काय बोलणार ते मलाच अजून कळत नाही. ‘माहीत नाही’ म्हणणार नाही, एवढं नक्की.

दादा

शुक्रवार, २२ तारीख

छोटे,

काल मी आत होतो आणि तू बाहेरच्या बाकावर. दाराला काचेची पट्टी आहे, तिच्यातून तुझा खांदा दिसत होता. माझं अर्धं बोलणं झालं तेव्हा निरीक्षक बाहेर येऊन तुमच्या वकिलाच्या कानाला लागले, मग खांदा उठला आणि जिन्याच्या दिशेने गेला. म्हणजे अर्धं तुला कळलं आहे. ते अर्धं खरं आहे. उरलेलं ऐक.

टेबलामागे तिघे. मधले अध्यक्ष, कानाला यंत्र लावलेले. बाजूला टाइप करणाऱ्या एक बाई. अध्यक्षांनी तुमची सतरा नावं वाचली आणि विचारलं, “यांच्यापैकी कोणी नशा करतं, असं तुमच्या माहितीत आहे?”

“नाही.”

“एकही नाही?”

“एकही नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना दुपारच्या चहाचं व्यसन आहे. बाकी स्वच्छ.”

“तुमची बहीण?”

“ती डोकेदुखीची गोळीसुद्धा अर्धी करून घेते.”

टाइप होत होतं. निरीक्षकांच्या चेहऱ्यावर ऊन पडलं, ते उठून बाहेर गेले ते याच वेळी. अध्यक्ष म्हणाले, “आभारी आहोत. तुम्ही जाऊ शकता.”

मी म्हटलं, “माझं संपलेलं नाही.”

“आमचे प्रश्न संपले आहेत.”

“माझा साठा चुकतो आहे. तो लिहून घ्या.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी सांगितलं. सतरा उतारे सतरा खऱ्या शिक्क्यांवर गेले, त्यांचा हिशेब बरोबर आहे, आणि त्यातले किती खऱ्या माणसांच्या मांडीत गेले ते वस्तीत जाऊन विचारा. पण माझ्या दुकानातून आणखी एक गेला आहे. त्याला चिठ्ठी नाही आणि शिक्काही नाही. तो मी स्वतःच्या हाताने टोचला.

अध्यक्षांनी कानाचं यंत्र नीट बसवलं. “तुम्ही काय बोलता आहात, ते कळतंय ना? तुमचा परवाना जाईल.”

“नियम मला पाठ आहे. कलम सांगू?”

“रुग्णाचं नाव?”

मी टाइप करणाऱ्या बाईंच्या बोटांकडे पाहिलं.

“नाव माहीत नाही का?”

छोटे, त्या वेळी तुझा निरोप माझ्या अगदी जिभेवर आला होता. दोन शब्द. कोणाचंही नुकसान नव्हतं.

“माहीत आहे,” मी म्हटलं. “सांगणार नाही.”

“तसं चालत नाही. रुग्णाच्या नावाचा रकाना भरावा लागतो.”

“रिकामा ठेवा.”

टाइपचा आवाज थांबला. मी आयुष्यात एक रकाना रिकामा सोडलेला नाही, हे त्या खोलीत फक्त मलाच ठाऊक होतं. खुर्चीची पाठ धरली. म्हटलं, “नाव दिलं तर ते तीन ठिकाणी जाईल. त्याची नोकरी जाईल, ते एक. पण पुढच्या वेळी तो माझ्या पायरीवर येऊन बसणार नाही. कुठेतरी आडबाजूला बसेल, जिथे कोणी जेवायला शटर अर्धं ठेवत नाही. माझी बहीण खोटं बोलली, हे मी तुम्हाला सांगितलं. का बोलली, ते मला गेल्या आठवड्यात मंगळवारी त्या दुपारी कळलं. नियमच असा आहे की ज्याला गरज आहे तो येऊ शकत नाही आणि जो येऊ शकतो त्याला गरज नाही. तिने जे केलं तेच मी केलं. फरक इतकाच की तिने विचार करून केलं, मी घाबरून. सतराचा आकडा खोडा, अठरा करा.”

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “बसा. पाणी घ्या.” तुमचा निर्णय महिनाअखेरीला देणार आहेत, आणि त्याआधी नियम बनवणाऱ्या कार्यालयाला बोलावून घेणार आहेत. त्यातून काय निघेल मला सांगता येत नाही. तुझा परवाना जाईल किंवा राहील. माझा कालच गेला. दुपारी निरीक्षक सील घेऊन आले. त्यांना लाख नीट लावता येईना, सगळी दारावर ओघळली. मीच लावून दिली. वहिनी म्हणाली, “आता तरी वाकडी लावू द्यायची होती.”

ती माझ्याशी पुन्हा बोलते आहे. ते तुला सांगायचं होतं.

आता कामाचं. साक्षीनंतर मी व्हरांड्यातल्या नळावर तोंड धूत होतो. त्या टाइप करणाऱ्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. आधी मला वाटलं, सही राहिली असेल. त्या खाली बघत म्हणाल्या, “ते इंजेक्शन... दुकानात मिळतं का अजून?”

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, “कोणासाठी?”

 त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मी प्रश्न मागे घेतला. म्हटलं, “राहू द्या.”

माझ्या दाराला सील आहे. तुमच्याकडे अजून शिल्लक असणार. त्यांना तुझा पत्ता दिला आहे. उद्या सकाळी येतील, मागच्या दाराने. खांद्याला तपकिरी पिशवी असेल. मांडीत कसं टोचायचं ते एकदा दाखवून थांबू नकोस, त्यांच्या हातून करून घे. नंतर माणसाला एकटं सोडायचं नाही, पुन्हा बुडतो, हे दोनदा सांग.

नाव विचारू नकोस.